गावाच्या गायरानावरचा गोल्फ : सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स समजून घेताना

जुलैत 'द ओपन' ही गोल्फ स्पर्धा टीव्हीवर लागली की आमच्या घरी दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "अरे, हे मैदान असं करपलेलं का? पाणी घालत नाहीत का हे लोक?"

प्रश्न रास्त आहे. गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवागार गालिचा येतो, रेखीव तळी येतात, कडेने सावलीची झाडं येतात. आणि इथे दिसतं काय, तर पिवळट पडलेलं, टेंगळं आलेलं माळरान. झाड औषधालाही नाही. वाऱ्याने खेळाडूंच्या पँटी फडफडतायत आणि जगातले भलेभले एखाद्या खड्ड्यात उभे राहून इथून बाहेर कसं पडायचं याचा विचार करतायत.

२०२७च्या जुलैत ही स्पर्धा पुन्हा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर जायची आहे, म्हणजे हा प्रश्न आता घरोघरी विचारला जाणार. मी पुण्यात आठवड्यातून एकदा खेळतो, तेही वाईट. पण एडिनबर्गला नोकरी करणाऱ्या भाच्याच्या कृपेने त्या मैदानावर एक फेरी खेळायला मिळाली, आणि टीव्हीसमोर बसून जे कळलं नव्हतं ते तिथे साडेचार तासांत पायांना कळलं. हे मैदान कोणी मुद्दाम बांधलेलंच नाही. ते एका गावाचं गायरान आहे. एवढं एक लक्षात ठेवलं की बाकीच्या गोष्टींचा उलगडा आपोआप होत जातो.

लिंक्स म्हणजे नेमकं काय?

ओल्ड कोर्ससारख्या मैदानाला 'लिंक्स' म्हणतात. साखळीच्या कड्यांशी या शब्दाचा संबंध नाही आणि मोबाइलवर येणाऱ्या लिंकशी तर मुळीच नाही. जुन्या इंग्रजीत 'ह्लिंक' म्हणजे उंचवटा किंवा बांध. स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वाळूच्या, टेकाडाटेकाडांच्या पट्टीला हे नाव पडलं. कोकणात पुळण संपते आणि माडांची वाडी सुरू होते, त्या दोन्हींच्या मधे मर्यादवेल, केवडा आणि सुरूची झाडं असलेली जी जागा असते ना, तशी. ना धड समुद्राची, ना धड शेतीची.

सेंट अँड्र्यूजला एका अंगाला वेस्ट सँड्स नावाची लांबलचक पुळण आहे आणि दुसऱ्या टोकाला ईडन नदीची खाडी. हिमयुगानंतरच्या हजारो वर्षांत समुद्राने आणि वाऱ्याने इथे वाळू आणून टाकली. त्या जमिनीत नांगर घालण्यात अर्थ नव्हता. मग गाव तिचा काय उपयोग करणार? मेंढरं चारायची, ससे धरायचे, धुणी वाळत घालायची आणि रिकाम्या वेळी काठीने चेंडू टोलवायचा. हा शेवटचा उद्योग इतका बोकाळला की १४५७मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्हींवर बंदी घातली. पोरं धनुर्विद्येचा सराव करायची सोडून खेळत बसतात, ही तक्रार. गोल्फचा हा सगळ्यात जुना लेखी उल्लेख, आणि तो बंदीचा! खेळ मात्र थांबला नाही. १५५२मध्ये तिथल्या आर्चबिशपने एक सनद दिली. तीत या जागेवर ससे पाळण्याचा त्याचा हक्क आणि गोल्फ खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क असे दोन्ही नोंदले आहेत. सशांचा हा विषय पुढे पुन्हा येणार आहे.

समुद्र दिसतो म्हणून प्रत्येक कोर्स लिंक्स होत नाही. कड्यावर, चिकणमातीच्या शेतात बांधलेल्या कोर्सवरून समुद्र कितीही सुंदर दिसत असला तरी तो लिंक्स नाही. खाली वाळूच हवी.

माती गरीब, म्हणून खेळ श्रीमंत

आता त्या करपलेपणाकडे येऊ. आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. पावसात तिच्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. वाळूचं उलटं. पाणी पडलं की खाली गेलं. सेंट अँड्र्यूजचा वर्षाचा पाऊस साधारण पुण्याएवढाच, सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळत नाही, बारा महिने थोडाथोडा पडतो. त्यामुळे जमीन कधी चिखल होत नाही आणि गवत कधी पुरतं मरतही नाही.

वाळूत कस नसतो. अशा उपाशी जमिनीत जे गवत तगतं ते बारीक, चिवट आणि हळू वाढणारं असतं. त्यातलं मुख्य गवत फेस्क्यू. पाण्यासाठी ते मुळं खोल सोडतं आणि वर जेमतेम दिसतं. ऐन उन्हाळ्यात पिवळं पडून निजल्यासारखं राहतं, पाऊस आला की पुन्हा जागं होतं. म्हणजे टीव्हीवर दिसतं ते मेलेलं गवत नव्हे. खत-पाणी देऊन ते हिरवंगार करता येईल, पण मग जाड, लुसलुशीत गवत माजेल, जमीन मऊ होईल आणि चेंडू पडेल तिथेच रुतून बसेल. लिंक्सची गंमतच संपली.

कारण टणक जमिनीवर चेंडू पडल्यानंतर खेळ सुरू होतो. तो उसळतो, पळतो, एखाद्या टेंगळाला लागून भलतीकडे वळतो, उतारावरून घरंगळत कुठेतरी खळीत जाऊन थांबतो. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर बाकीचे कोर्स म्हणजे पहिल्या दिवशीची पाटा खेळपट्टी, आणि लिंक्स म्हणजे पाचव्या दिवसाची दुपार.

आखलं कोणी?

कोणीच नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. मेंढरांनी आणि सशांनी गवत कुरतडून जिथे मोकळ्या वाटा केल्या होत्या तिथून लोक चेंडू मारत गेले. काटेरी झुडपांमधून गावापासून खाडीपर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, असा सगळा मामला.

इथे दोन-तीन शब्द सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या लहानशा खळग्यात घालायचा तो होल. आणि पहिल्या फटक्यापासून त्या खळग्यापर्यंतच्या अख्ख्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. मधलं कापलेलं गवत म्हणजे फेअरवे. खळग्याभोवतीचं अगदी बारीक, गुळगुळीत गवत म्हणजे ग्रीन, आणि तिथे चेंडू उडवत नाहीत, पटर नावाच्या चपट्या काठीने हलकेच ढकलतात. वाळूचा खड्डा तो बंकर. झालं.

तर, जाता-येता मिळून इथे पूर्वी २२ होल होते. १७६४मध्ये सुरुवातीचे चार होल फारच आखूड वाटले म्हणून त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी, येताना दोन कमी, उरले १८. आज जगभर गोल्फची फेरी १८ होलांची असते ती यामुळे. त्यामागे ना गणित, ना ज्योतिष. एका गावातल्या मंडळींनी घेतलेला घरगुती निर्णय.

पुढे गर्दी वाढली. जाणारे आणि येणारे एकाच खळग्यावर एकमेकांसमोर उभे ठाकायला लागले. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एकेक ग्रीन रुंद करून त्यावर दोन-दोन खळगे केले: जाणाऱ्यांना पांढरा झेंडा, परतणाऱ्यांना लाल. असे सात जोडग्रीन आजही आहेत. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, चौथा आणि चौदावा, अशा जोड्या. कुठल्याही जोडीची बेरीज करा, १८ येते. यातलं सर्वांत मोठं ग्रीन पाऊण एकराहून जास्त आहे. माझ्या गावाकडे एवढ्या जमिनीवरून भावाभावांत तीन पिढ्या बोलाचाल नसते.

ज्याने मुंबईत आझाद मैदानावर क्रिकेट पाहिलंय त्याला हे सगळं लगेच कळेल. एका मॅचचा कव्हर दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटच्या पाठीला पाठ लावून उभा. कुठल्या चेंडूमागे कोण धावतोय हे बाहेरच्याला कळत नाही, पण खेळणारे बरोबर ओळखतात. ओल्ड कोर्सवर पहिला आणि अठरावा होल मिळून सव्वाशे यार्डांहून रुंद असं एकच कापलेलं मैदान आहे, मधे कुंपण नाही, काही नाही. चेंडू भलतीकडे गेला की "फोर!" म्हणून ओरडायचं, आणि हे ओरडणं ऐकलं की डोकं झाकायचं.

मालक कोण? सशांची भानगड

बहुतेकांचा समज असा की पहिल्या होलाशेजारची ती भारदस्त दगडी इमारत आणि तिच्यासमोरचं मैदान एकाच क्लबच्या मालकीचं आहे. तसं नाही. इमारत रॉयल अँड एन्शन्ट या क्लबची. १७५४मध्ये २२ सरदार-सरंजामदारांनी तो काढला आणि १८३४मध्ये राजाने त्याला हे भरजरी नाव दिलं. मैदान मात्र गावाचं. शिवाजी पार्कच्या कडेला जिमखाना आहे म्हणून शिवाजी पार्क काही जिमखान्याचं होत नाही, तसंच.

गावाने ते एकदा घालवलं होतं, हे मात्र खरं. १७९७च्या सुमारास नगरपालिकेचं दिवाळं निघालं आणि जमीन हातातून गेली. ती डेम्प्स्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे आली आणि त्यांनी तिथे सशांची पैदास मांडली. सशाचं मांस आणि कातडी यांना भाव होता. ससे बिळं खणणार, गोल्फवाले बिळांत चेंडू घालवणार. मग मारामाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या, वीसेक वर्षं. कुठल्याही महाराष्ट्रातल्या गावात गायरानावरच्या अतिक्रमणाची केस चालते ना, अगदी तिच्यासारखी. शेवटी १८२१मध्ये शेजारच्या इस्टेटीचा मालक जेम्स चीप याने जमीन विकत घेतली. तो स्वतः गोल्फर असल्यामुळे खेळ वाचला. १८९४मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या ताब्यात आली, आणि १९७४पासून त्यासाठीच स्थापलेली सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट ही संस्था ती सांभाळते. या एका कोर्सबरोबर आणखी सहा, असे सात सार्वजनिक कोर्स ट्रस्टकडे आहेत.

गायरान असल्याच्या खुणा अजून ठायी ठायी आहेत. दर रविवारी ओल्ड कोर्स बंद असतो, म्हणजे गोल्फला बंद आणि गावाला उघडा. जगातल्या सर्वांत नामांकित ग्रीनच्या बाजूने लोक कुत्री फिरवतात, बाबागाड्या ढकलतात. ओपनचा शेवटचा दिवस वगैरे सोडला तर हा शिरस्ता मोडत नाहीत.

आणि मैदानात एक दगड इकडचा तिकडे केला तर काय होतं तेही पाहा. शेवटच्या होलावर स्विल्कन नावाच्या ओढ्यावर मेंढपाळांसाठी बांधलेला सातेकशे वर्षांपूर्वीचा एक पिटुकला दगडी पूल आहे. त्याच्यावर उभं राहून फोटो काढून घेणाऱ्यांच्या पायांनी भोवतालचं गवत पार जातं. म्हणून फेब्रुवारी २०२३मध्ये ट्रस्टने तिथे गोलाकार फरशी बसवली. लोकांनी असा गदारोळ केला की काही दिवसांतच ती उखडावी लागली. मला विचाराल तर फरशी खरंच वाईट दिसत होती. कोणाच्या तरी बंगल्याच्या अंगणासारखी.

मग खेळायला मिळतं कसं?

सोडतीने. म्हाडाच्या घरासारखं. मात्र इथे रोज सोडत निघते आणि वशिला चालत नाही. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, किमान दोन आणि जास्तीत जास्त चार जणांची. संध्याकाळपर्यंत निकाल. सोबत हँडिकॅपचा दाखला लागतो. हँडिकॅप म्हणजे तुम्ही चांगल्या खेळाडूपेक्षा फेरीला साधारण किती फटके जास्त घेता त्याचा आकडा. तो ३६च्या आत हवा. म्हणजे अगदी नवशिक्यांना ओल्ड कोर्सवर सोडत नाहीत, पण माझ्यासारख्या २६वाल्यालाही अडवत नाहीत.

आम्ही सोमवारी नाव दिलं, नाही लागलं. मंगळवारी दिलं, नाही लागलं. बुधवारी संध्याकाळी भाच्याचा कामावरून फोन, "मामा, लागली! परवा सकाळी आठ-दहा." मी त्या वेळी त्याच्या स्वयंपाकघरात पोह्यांना फोडणी देत होतो. ती करपली.

वारा, आणि सरपटी चेंडू

पहिल्या होलावर चेंडू चुकवणं अवघड आहे, इतकी जागा आहे. बंकर एकही नाही. तरी मी तो जेमतेम ऐंशी यार्ड सरपटत नेला, कारण मागे ती दगडी इमारत, बाजूला रस्त्यावर उभे राहून बघणारे वीस-पंचवीस अनोळखी लोक, आणि घशाला कोरड. आमचा कॅडी, म्हणजे आपली बॅग उचलणारा आणि मैदानाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस, एवढंच म्हणाला, "सरळ तर गेला."

लिंक्सवर झाडं नाहीत म्हणजे वाऱ्याला आडकाठी नाही. ओल्ड कोर्स गावापासून खाडीकडे जातो आणि परत येतो, त्यामुळे साधारणपणे एक बाजू वाऱ्यासोबत आणि दुसरी वाऱ्याच्या तोंडावर खेळावी लागते. जाताना जो फटका दीडशे यार्ड गेला तोच येताना शंभरावर आदळतो. अशा वाऱ्यात चेंडू उंच उडवणं म्हणजे संक्रांतीला मांजा तोडून पतंग सोडून देणं. तो कुठे उतरेल ते तुमच्या हातात राहत नाही.

म्हणून इथे चेंडू खालून खेळतात. परतीच्या वाटेवर एका होलाला मी ग्रीनपासून साठ यार्डांवर होतो. पुण्याच्या सवयीने चेंडू उचलून टाकणारी काठी बॅगेतून काढली. कॅडीने ती माझ्या हातातून घेऊन परत ठेवली आणि पटर दिला. साठ यार्डांवरून पटर! मला हसू आलं. त्याने झेंड्याकडे बघितलंही नाही. उजवीकडे चांगलं वीस फुटांवर गवताचा एक फिकट ठिपका होता, तिकडे बोट केलं. "तिथे. जोरात." मी मारला. सुक्या गवतावरून चेंडू सूपात दाणे पाखडल्यासारखा खरखरत गेला, एक उंचवटा चढला, माथ्यावर थबकल्यासारखा झाला, डावीकडे वळला आणि खळग्यापासून चारेक पावलांवर थांबला. लहानपणी चाळीच्या अंगणात गोट्या खेळताना आम्ही असंच फरशीचा उतार बघून, दोन हात बाजूला नेम धरायचो. चाळिसेक वर्षांनी ती विद्या कामी आली.

२०२२मध्ये दीडशेवी ओपन इथेच झाली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने शेवटच्या दिवशी सतराव्या होलावर हेच केलं. चेंडू आणि झेंडा यांच्यामध्ये एक भयंकर खड्डा होता. वरून उडवण्याचा मोह टाळून त्याने पटर घेतला आणि चेंडू खड्ड्याला वळसा घालून चढावावरून नेला. स्पर्धा त्यानेच जिंकली.

पेवासारखे खड्डे

त्या खड्ड्यांविषयी. ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढरं उतारांना टेकून बसायची, जमीन झिजायची, वाळू उघडी पडायची. असे पहिले बंकर झाले, असं सांगतात. आकाराने हे आपल्या धान्याच्या पेवासारखे असतात. तोंड लहान, आत खोल. गवताचे चौकोनी तुकडे विटांसारखे एकावर एक रचून त्यांची भिंत जवळजवळ उभी करतात. जमिनीच्या उतारांमुळे आसपासचा चेंडूही आपण होऊन त्यांच्याकडे ओढला जातो, म्हणजे चार फुटांचा खड्डा प्रत्यक्षात वीस फुटांचा.

त्यांतल्या बऱ्याच जणांना नावं आहेत. कुठे शवपेट्या, कुठे सिंहाचा जबडा, कुठे प्रिन्सिपॉलचं नाक. चौदाव्या होलावरच्या बंकरचं नाव सरळ 'नरक'. १९९५मध्ये जॅक निकलॉसला, ज्याने ओपन इथे दोनदा जिंकली होती त्याला, नरकातून बाहेर यायला चार फटके लागले आणि त्या एका होलावर त्याचे दहा झाले. १९२१मध्ये तरुण बॉबी जोन्स अकराव्या होलाच्या बंकरात असा अडकला की त्याने स्पर्धाच सोडून दिली. १९२७मध्ये तो परत आला आणि जिंकला. १९५८मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. उलट टायगर वूड्सने २००० साली चार दिवसांत, ७२ होलांत, एकाही बंकरात चेंडू जाऊ दिला नाही. ताकदीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

सतरावा होल, किंवा रस्त्यावरचं क्रिकेट

सतराव्याला 'रोड होल' म्हणतात, कारण ग्रीनच्या मागे खरंच रस्ता आहे आणि त्यामागे दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर उचलून देत नाहीत, रस्त्यावरूनच मारायचा. पहिला फटकाही सरळ नाही: समोर आडव्या आलेल्या शेडवरून, जिथे पूर्वी रेल्वेच्या कोळशाच्या वखारी होत्या तिथून, नजरेआडच्या फेअरवेवर मारावा लागतो. शेजारच्या हॉटेलाच्या भिंतीवर चेंडू आदळणं हा तिथला नित्याचा आवाज. ज्यांनी गल्लीत क्रिकेट खेळलंय, जोशींच्या गॅलरीत गेला तर आउट वगैरे, त्यांना हे नियम परके वाटणार नाहीत.

ग्रीनच्या पुढ्यात डावीकडे रोड बंकर आहे. १९७८मध्ये जपानचा नाकाजिमा ग्रीनवर पोचला होता, पटरने ढकललेला चेंडू उताराला लागून मागे त्या खड्ड्यात गेला, बाहेर काढायला चार फटके, आणि होलावर नऊ. मी तितका दुर्दैवी नव्हतो, मी थेट खड्ड्यातच गेलो. आत उतरल्यावर माझ्या छातीपर्यंत भिंत होती आणि गवताच्या थरांतून ओल्या मातीचा वास येत होता. पहिला फटका भिंतीत. दुसरा भिंतीत, आणि चेंडू परत पायाशी. "मागे मारा," कॅडी वरून म्हणाला. मागे? झेंड्याकडे पाठ करून? "जिथून बाहेर पडता येतं तिकडे मारायचा." मारला. निघाला. मग त्याने दंताळं घेऊन माझ्या पावलांचे ठसे शांतपणे पुसले.

'म्हणजे सगळा नशिबाचा खेळ?'

हा आक्षेप नेहमी येतो. उत्तम मारलेला चेंडू टेंगळाला लागून खड्ड्यात जात असेल तर कौशल्याला काय अर्थ? थोडं तथ्य आहे त्यात, एका फटक्यापुरतं. पण फेरीत सत्तर-ऐंशी फटके असतात, स्पर्धेत चार फेऱ्या. नशीब एवढा वेळ एकाच माणसावर रुसून बसत नाही. जोन्स, निकलॉस, वूड्स या तिघांनीही इथे ओपन जिंकली. निव्वळ योगायोगाने अशी नावांची यादी तयार होत नाही.

'पण शेवटी श्रीमंतांचाच खेळ ना?'

बाहेरच्याला इथे एका फेरीला उन्हाळ्यात तीनशे पौंडांहून जास्त पडतात. हे पैसे देताना माझा हात थरथरला, खोटं कशाला बोलू. गावातल्या रहिवाशाला मात्र काहीशे पौंडांत वर्षाचा पास मिळतो आणि तो सातही कोर्सांवर चालतो. सुतार, शिक्षक, बस ड्रायव्हर यांना परवडेल असा. आपल्याकडे क्लबच्या सभासदत्वासाठी दारं बंद असतात, त्यापुढे हे मला बरं वाटलं. अर्थात त्या दगडी इमारतीतल्या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडावं लागलं, हेही विसरायला नको.

खेळ सामान्यांच्या आवाक्यात आला त्याची तिथली एक दंतकथा आपल्या फार जवळची आहे. पूर्वी चेंडू कातड्याचा असे, आत टोपीभर पिसं ठासून शिवलेला. कुशल कारागीरसुद्धा दिवसाला मोजकेच बनवू शके, म्हणून तो महाग. पावसात भिजला की फुटे. १८४०च्या दशकात सेंट अँड्र्यूजच्या पॅटर्सन कुटुंबाकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. वाटेत फुटू नये म्हणून तिच्याभोवती गटापर्चा, म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक, भरलेला होता. घरातल्या मुलाने तो तापवून, वळून चेंडू केला. दंतकथा बाजूला ठेवली तरी १८४८च्या आसपास गटापर्चाचा चेंडू आला आणि किंमत एकदम खाली आली, हे नक्की. पिसांचे चेंडू बनवणारा ॲलन रॉबर्टसन आणि त्याचा शिष्य टॉम मॉरिस यांचं या चेंडूवरूनच फाटलं. हाच मॉरिस पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ओल्ड कोर्सची निगा राखत होता.

'कोकणात असं का नाही?'

वाळू आहे, समुद्र आहे, वारा तर विचारूच नका. पण चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले आठ महिने उकाडा, यात फेस्क्यू जगणार नाही. शिवाय किनाऱ्यावरच्या बांधकामाला कायद्याच्या मर्यादा आहेत, आणि माझ्या मते त्या असाव्यातच. पुळणीवर आपला स्वतःचा एक खेळ आहेच, ओहोटीच्या टणक वाळूवरचं क्रिकेट. तेही कोणी आखलेलं नाही.

'आणि समुद्रच आत आला तर?'

येतोय. सेंट अँड्र्यूजच्या उत्तरेला माँट्रोज नावाचं गाव आहे, तिथला गोल्फही जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी. गेल्या तीसेक वर्षांत तिथे समुद्र सुमारे ७० मीटर आत सरकला आणि काही होल हलवावे लागले. सेंट अँड्र्यूजला वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या करून त्यावर वाळू धरून ठेवणारं गवत लावतात. ज्या वाळूने हे मैदान घडवलं तीच वारा-पाणी उचलून नेतात, आणि माणसं ती पाटीने परत आणून टाकतात.

दुसरा धोका चेंडूचाच. आजचे खेळाडू तो इतका लांब मारतात की जुने होल आखूड पडतात. म्हणून खेळाचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी डिसेंबर २०२३मध्ये चेंडूच्या पल्ल्यालाच लगाम घालायचं जाहीर केलं. माझ्या ऐंशी यार्डांना त्याने काही फरक पडणार नाही.

शेवटी अठरावा. पूल ओलांडून पुढे आलो, फेअरवेवर चेंडू ठेवल्यासारखा पडला होता, दिवसातला सर्वांत चांगला फटका. समोर गावाची घरं, डावीकडे क्लबची इमारत. काठी उचलली तेवढ्यात कॅडीने हात आडवा केला. पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला छेदून एक सार्वजनिक रस्ता जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड त्याचं नाव. त्यावरून एक म्हातारी चालली होती. हातात भाजीची पिशवी, तिच्यातून गड्डीकांद्याची पात बाहेर आलेली. तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मधेच थांबून पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि पुन्हा चालू लागली. मी, भाचा, कॅडी आणि आमच्या मागचे चौघे, सगळे वाऱ्यात उभे.

ती पलीकडच्या फुटपाथवर चढली.

"आता मारा," कॅडी म्हणाला.